न वाचलेला चौकोन

चौकोन आला आणि भाग्यश्रीनं तो ओके केला. पडद्यावर चौकोन आला की ओके करायचा, हे तिच्या बोटाला इतकं पाठ झालं होतं की डोळ्यांना तसदी द्यायची गरजच उरली नव्हती. चार ओळी इंग्रजी, खाली बटण; बटण दाबलं की ओळी पळत आणि घर पुढं चालू होई. या वेळीही घर चालू झालं, फक्त त्यात दिव्या नव्हती. भाग्यश्रीनं माऊस सरकवत गुलाबी खोली बघितली, पलंग नीट आवरलेला. अभ्यासाचं टेबल रिकामं. स्वयंपाकघर, संडास, मागची बाग, सगळं पालथं घातलं. कोपऱ्यात एकाखाली एक तीन तोंडं असायची, मम्मी, पप्पा आणि दिव्या. आता दोनच होती, आणि त्यातला पप्पा टीव्हीसमोर उभा राहून आळस देत होता, पोटच्या पोरीचं त्याला काडीचं सोयरसुतक नव्हतं. "मेली कुठं उलथली," भाग्यश्री पुटपुटली, आणि सगळ्या खोल्या परत इतक्या घाईनं शोधल्या की तिची तिलाच लाज वाटली. खेळातली बाहुली ती! खरी दिव्यानी मागच्या पडवीत आजोबांजवळ बसून शिंगाडे सोलत होती. दिवाळीची सुट्टी संपली होती, तिची लोखंडी पेटी भरून दाराशी ठेवलेली होती आणि जेवणं झाली की इतवारी ड्रायव्हरची जीप तिला निवासी शाळेत परत न्यायला येणार होती.

खेळ मुळात दिव्यानीचाच. कॉम्प्युटर आणला होता तिच्या अभ्यासासाठी, म्हणजे असं कॉलनीत सांगितलं होतं. कॉलनी म्हणजे तरी काय, घुग्घुसच्या कोळशाची धूळ आणि तिच्यावर रोज फिरवलेलं फडकं. नवरे डंपर चालवतात, बायका 'आमचे हे मायनिंगमध्ये आहेत' म्हणतात, आणि हळदीकुंकवाला जमल्या की कुणाचं पोर कुठल्या ट्यूशनला जातं यावरून एकमेकींची मापं काढतात. भाग्यश्रीला त्या सगळ्यांचा वीट होता आणि त्या सगळ्यांच्या आधी तिच्याच घरी कॉम्प्युटर आला होता. दिव्यानीनं चंद्रपूरच्या क्लासमधून कुणाची तरी सीडी आणली, त्यात माणसं पाळायचा खेळ होता. माणसं बनवायची, त्यांना नावं द्यायची, घर बांधून द्यायचं. मग ती खातात, झोपतात, कामावर जातात आणि पोरांना न्यायला सकाळी पिवळी बस येऊन भोंगा वाजवते. पोरांना मार्क मिळतात. पोर पुस्तक घेऊन बसवलं की मार्क चढतात, नाही बसवलं की उतरतात. जूनमध्ये दिव्यानी गेली आणि धूळ पुसायला म्हणून कॉम्प्युटर चालू केलेली भाग्यश्री दुपारभर तिथून उठली नाही. त्यानंतर रोजच. नवरा पहिल्या पाळीला गेला, भांडी झाली, की ती खुर्चीत बसे आणि पडद्यावरच्या दिव्याला अभ्यासाला बसवी. ती दिव्या बसे! हेच तर. 'पोट दुखतं' नाही, 'समजत नाही' नाही. एकदा दाबलं की उठून टेबलाकडं चालायला लागे. दिवाळीच्या आधी तिला ए प्लस मिळाला होता, तेव्हा भाग्यश्रीनं स्वतःसाठी वेलची घालून चहा केला होता.

आणि दुसरं एक, जे तिनं कुणालाच सांगितलं नसतं. ती माणसं कुठलीच भाषा बोलत नसत. नुसतीच बडबड, चिवचिव, जगात कुणालाच न येणारी. त्या घरात कुणी 'मले' म्हणत नव्हतं, कुणी 'काऊन' म्हणत नव्हतं, आणि कुणाच्या तोंडातून तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा वास येत नव्हता. भाग्यश्री कुरखेड्याकडची, धानकऱ्याची मुलगी. नागपूरला डी.एड.च्या होस्टेलवर तिच्या खोलीत पुण्याकडची एक मुलगी होती, गोरी, चष्मेवाली, पहिल्याच संध्याकाळी भाग्यश्री म्हणाली, "मले पानी पाह्यजे," आणि त्या मुलीनं चार जणींना बोलावून आणलं, "परत म्हण ना, प्लीज, परत म्हण." भाग्यश्री हसत हसत परत म्हणाली होती. सगळ्या हसल्या, तीही हसली. त्या हसण्याची चव इतक्या वर्षांत तोंडातून गेली नव्हती. वर्षाच्या आत तिनं जीभ घासून लख्ख करून टाकली. डी.एड. मात्र झालंच नाही, इंग्रजीत दोनदा गेली; गावच्या शाळेत इंग्रजीला मास्तरच नव्हता, हिंदीचे गुरुजी फळ्यावर धडा लिहून देत आणि खुर्चीत डोळे मिटून बसत, धानाच्या रोवणीच्या दिवसांत तर वर्गात ती, गुरुजी आणि एक बकरी एवढीच हजेरी असे. त्या गुरुजींचाही तिला अजून संताप होता. मग लग्न, तेही ढिवराच्या, मासेमाराच्या घरी, कारण पोराला खाणीत नोकरी होती. भाग्यश्रीच्या बापानं जातीचं सोडून नोकरी बघितली याचं गावात केवढं कौतुक, आणि भाग्यश्रीला मात्र पहिल्या दिवसापासून त्या घराला जाळ्याचा ओला वास येत राहिला. "मुलीसमोर मले-तुले बोलायचं नाही," हे तिनं देवानंदला बाळंतपणाच्या खाटेवरून सांगितलं होतं. देवानंद म्हणाला, "बरं." देवानंद प्रत्येकच गोष्टीला बरं म्हणे, आणि ओठांत खर्रा असल्यानं तेही धड ऐकू येत नसे.

खेळात दिव्यानीनं चौथंही एक माणूस केलं होतं, पांढऱ्या केसांचं. नाव ठेवलं होतं आबाजी. सासऱ्यांना 'आजोबा' म्हणायचं असं भाग्यश्रीनं शिकवलेलं, पण पोरीनं खेळात बरोबर 'आबाजी' लिहिलं. तो म्हातारा काम करेना, सकाळी बसच्या वेळेला नेमका संडास अडवून बसे, फ्रिज उघडून दिवसभर खाई. श्रावणात एका दुपारी भाग्यश्रीनं त्याला पोहायला पाठवलं आणि हौदाची शिडी काढून घेतली. मुद्दाम? मुद्दामच. बघू काय होतं म्हणून. तो बराच वेळ गोल गोल पोहला, वर हात करून तिच्याकडंच बघतोय असं वाटत होतं, आणि मग हौदाच्या काठावर त्याच्या नावाचा एक दगड उगवला. तलावात जन्म काढलेल्या ढिवराला बुडवलं आपण, हे मनात आलं तेव्हा तिला खुदकन हसू आलं होतं, आणि रात्रीच्या भाजीत मीठ दोनदा पडलं. दगड तिनं झुडपामागं सरकवून ठेवला.

खरे आबाजी, म्हणजे तिचे सासरे दादाजी, परवा आले ते खांद्यावर चुंगडी घेऊन. आत शिंगाडे आणि ओल्या फडक्यात दोन मरळ. मोरीत मासे धुतले, घरभर वास. आणि जेवताना, मान खाली घालूनच, म्हणाले, "सूनबाई, राग नको धरू. पोरीले मी गावाले नेतो. तिथी आता दहावीपावतर शाळा झाली. शिकंल हळूहळू. थे त्या शाळेत रडते म्हणे."

"कोण म्हणालं रडते म्हणून?"

"थेच म्हणाली. कोण सांगन दुसरं?"

"आणि तिथं काय शिकेल मामाजी? शिंगाडे सोलायला?"

दादाजींनी ताटातला काटा बोटानं बाजूला केला आणि देवानंदकडं बघितलं. देवानंद म्हणाला, "भाग्यश्री म्हनंल तसं." झालं! नवरा म्हणून या माणसानं आयुष्यात एवढंच वाक्य कमावलं होतं. म्हणजे ठरवायचं तिनं, आणि पुढं पोर बुडालं की बोल तिलाच. तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, ताटं उचलली. काल सकाळी वेणी घालताना दिव्यानी एकदम म्हणाली, "मम्मी, मले नाई जाचं." भाग्यश्रीचा हात थांबला. कंगवा केसांतच ठेवून ती म्हणाली, "नीट बोल." आरशातली पोरगी जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मला नाही जायचं." स्वच्छ, स्पष्ट, आकाशवाणीवर म्हणतात तसं. भाग्यश्रीला बरं वाटलं. वेणी घट्ट घातली, रिबन बांधली, आणि वरणाला फोडणी द्यायला निघून गेली.

काय चूक होती तिची? पोरीला इंग्रजी शाळेत घातलं, घरचं काम लिहून आणलेल्या डायरीवर सात वर्षं रोज सही केली. सही इंग्रजीत, झोकदार, शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढून. वर काय लिहिलंय ते वाचायचं असतं हे तिला माहीत होतं, पण ते चार ओळींचं लिखाण, त्याच्याकडं बघितलं की नागपूरच्या खोलीतल्या मुली हसायला लागत. सातवीत दिव्यानी आपटली तेव्हा शाळेतल्या मॅडमनं बोलावून घेतलं. ती बया तरी कुठली मोठी, बल्लारपूरचीच, पण खुर्चीत बसली की तोंडातून इंग्रजीशिवाय काही निघेना. भाग्यश्री तीन ठिकाणी 'यस मॅडम' म्हणाली, एकदा हसलीही. ऑटोत बसल्यावर दिव्यानी बाहेर कोळशाच्या ट्रककडं बघत म्हणाली, "मॅडम म्हणत होत्या, हिला मराठी शाळेत टाका. हिला इंग्रजी समजत नाही, ही गप्प बसून राहते. तू यस म्हणालीस." मराठी शाळेत! म्हणजे कॉलनीतल्या त्या बायांना वर्षभराचं खाद्य. त्यापेक्षा वर्ध्याच्या पलीकडं मुलींची निवासी शाळा होती, सैनिकी शिस्तीची, पहाटे उठवून पळवतात म्हणे. फोरमनसाहेबांची मुलगी तिथंच होती. 'आमची दिव्यानी मिलिटरी स्कूलला आहे' हे वाक्य भाग्यश्रीनं पहिल्यांदा दळणाच्या गिरणीत म्हणून बघितलं. सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

आता मात्र पडद्यावरचं घर बघवेना. पप्पा आळस देतोय, मम्मी जेवण करपवतेय, गुलाबी खोलीतला दिवा उगाचच जळतोय. दिवाळीच्या गडबडीत तिचं दुर्लक्ष झालं होतं खरं. चकल्या तळताना ती खेळ तिप्पट वेगानं सोडून देई आणि मधून मधून येऊन चौकोन ओके करून जाई. तिला विचारायची लाज वाटत होती. तेरा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं! तरी शेवटी हाक मारलीच. दिव्यानी पदर नसल्यानं फ्रॉकलाच हात पुसत आली, बोटं शिंगाड्यांनी काळी झालेली. निवासी शाळेनं तिचे केस मानेपर्यंत कापले होते आणि कालची ओढूनताणून घातलेली वेणी केव्हाच सुटली होती.

"ही दिव्या कुठं गेली बघ गं. एक चौकोन आला आणि गेलीच."

दिव्यानी वाकून बघू लागली. तिनं कुठंच शोधाशोध केली नाही. झुडपाकडं एकदा बघितलं, दगडाशी बाण नेला, त्यावरचं नाव वाचलं, आणि बाण परत घरावर आणला. भाग्यश्रीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"तिला मिलिटरी स्कूलला पाठवलं," दिव्यानी म्हणाली. "मार्क खूपच खाली गेले ना, म्हणून."

"कुणी पाठवलं? मी तर काहीच केलं नाही."

"अगोदर दोनदा सांगतात, मम्मी. चौकोन येतो. मुलीकडं लक्ष द्या, नाहीतर नेऊ म्हणून. तू ओके केलं असशील."

"मग परत कधी येते?"

"येत नाही."

"म्हणजे? सुट्टीला तरी?"

"नाही. खेळात तसं नाहीये. एकदा गेली की ती त्या घरची नसते." दिव्यानी हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली की भाग्यश्रीला तिचा राग आला. एवढी अक्कल अभ्यासात का नाही चालवली कारटीनं? "तू शेवटचं सेव्ह कधी केलं होतंस?"

"धनत्रयोदशीला."

"मग सेव्ह न करता बंद करू. परत उघडलं की ती असेल. तेव्हा होती ना?" तिनं भराभर काळी बोटं चालवली, घर नाहीसं झालं, पडदा काळा झाला, गाणं वाजलं, घर परत आलं. गुलाबी खोलीत दिव्या पाठ करून झोपली होती. तिसरं तोंड कोपऱ्यात हजर. भाग्यश्रीनं बाण त्या तोंडावर नेऊन उगाचच दाबून बघितला, आणि या बावळटपणाबद्दल तिनं स्वतःला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या. दिव्यानी अजून तिथंच उभी होती. "आता चौकोन आला की वाचत जा," ती म्हणाली. "नाही समजलं तर तसाच ठेव. तो जात नाही. कितीही वेळ थांबतो."

मग जेवणं झाली असावीत. भाग्यश्रीनं वाढलंही असेल, कारण नंतर मोरीत ताटं होती. तिला आठवत होतं ते एवढंच की जेवता जेवता तिला खेळाची ओढ लागून राहिली होती, मार्क धनत्रयोदशीलाही घसरलेलेच होते, आता रोज डोळ्यांत तेल घालून बसवलं पाहिजे. हात धुऊन ती परत खुर्चीत बसली. पडद्यावर सकाळ झाली होती, बस येऊन उभी होती आणि दिव्या न्हाणीघरात तोंड धूत रेंगाळत होती. "चल, चल गं बाई," भाग्यश्री म्हणाली, बाण बसवर नेऊन दाबत राहिली. पाठीमागं पेटी फरशीवर ओढल्याचा आवाज झाला. दादाजींचा खोकला. बाहेर इतवारीनं जीपचा भोंगा वाजवला आणि पडद्यावर बसनंही वाजवला, की एकच वाजला, कुणास ठाऊक.

"मम्मी."

"हं."

"मम्मी, जाऊ का मी?"

"हो हो, जा. दार ओढून घे, धूळ येते."

दार ओढलं गेलं. दिव्या न्हाणीघरातून बाहेर आली, बागेतून पळत सुटली, बसमध्ये चढली, बस निघाली. भाग्यश्रीनं ती परत येईपर्यंत खेळ तिप्पट वेगावर टाकला, खुर्चीला पाठ टेकली, आणि तेव्हा कुठं ते वाक्य तिच्या कानांतून आत पोचलं. येते मम्मी, असं म्हणतात निघताना. 'जाऊ का' असं विचारलं होतं पोरीनं. विचारलं होतं! दारात पेटी धरून, आजोबा पाठीशी उभे असताना, शेवटचं एकदा. आणि आपण म्हटलं, धूळ येते.

ती उठली तेव्हा खुर्ची कलंडली. दार उघडून अनवाणीच गल्लीत आली. गल्ली रिकामी. कॉलनीच्या फाटकापाशी ट्रकांची रांग लागली होती आणि त्यांच्यापलीकडं चंद्रपूरच्या रस्त्यावर नुसती काळी धूळ उठली होती. तिच्यात एखादी जीप असेल नाहीतर नसेल. समोरच्या ओट्यावरून रुखमा, फोरमनकडं धुणंभांडी करणारी, ओरडून म्हणाली, "गेली ना जी पोरगी! म्हाताराही गेला संगंच, बसस्टँडपावतर. लय रडत होता बाप्पा थो. पोरगीच त्याले समजावून राह्यली होती."

रुखमेच्या त्या बोलण्याला भाग्यश्रीनं एरवी नाक मुरडलं असतं. आता वाटलं, नाक मुरडायला आपल्याकडं उरलंय काय? कॉलनीतल्या बायका हलक्या, नवरा मेंगळट, सासरा मासेमार, मॅडम गर्विष्ठ, गुरुजी झोपाळू. सगळ्यांची मापं काढून झाली, सगळे कमी भरले, आणि या सगळ्यांत पोरीला सात वर्षं काय समजत नाही ते एकानंही वाचलं नाही, पण डायरीवरची सही त्यांतल्या कुणाची नव्हती. आपली होती. आपल्यासारखी दळभद्री बाई या खाणीच्या पट्ट्यात दुसरी नसेल. हे तिला इतकं स्पष्ट वाटलं की ती उन्हात तशीच उभी राहिली, तळवे भाजेपर्यंत. जीपच्या मागं कुणाची तरी मोटरसायकल काढून जाता आलं असतं. हात वर करून ओरडता आलं असतं. ती घरात परत आली, कारण घर उघडं होतं.

खेळ तिप्पट वेगानंच सुटलेला राहिला होता. घरात दिवस-रात्र भराभर होऊन गेले होते, सिंकवर माश्या घोंघावत होत्या, पप्पा फरशीवर झोपला होता, आणि दिव्या, पुढच्या कुठल्या तरी सकाळची बस चुकलेली, बागेत त्या दगडापाशी उभी होती. पडद्याच्या मधोमध चौकोन आला होता. चार ओळी इंग्रजी, खाली बटण. भाग्यश्रीनं खुर्ची उभी केली, बसली, आणि सवयीनं बोट माऊसवर गेलं. ते तिनं उचललं. चौकोन तसाच राहिला. तिनं उजव्या हाताचं बोट थेट काचेवर टेकवलं, पहिल्या अक्षराखाली, फळ्यावरचं वाचताना गावात टेकवायचे तसं. "यु," ती म्हणाली. "वर. युवर." बोट पुढं सरकलं. "चा... चाइ... चाइल्ड." आवाज मोठा निघत होता, वर्गात उभं केल्यासारखा. पुढचा शब्द लांबलचक होता, त्याच्याशी ती झटत राहिली, चुकली, परत मागं आली, पुन्हा 'युवर'पासून.

देवानंद आला तेव्हा ती दुसऱ्या ओळीवर होती. हेल्मेट खुंटीला अडकवून, मोरीत थुंकून, तो दाराजवळच्या रिकाम्या जागेकडं बघत उभा राहिला. पेटी होती तिथं फरशीवर एक पांढरा ओरखडा उमटला होता.

"गेली काय दिव्या?" त्यानं विचारलं. "काही म्हणत होती काय जाताना? भाग्यश्री?"

तिचं बोट काचेवरून हललं नाही.

"थांबा ना जी," ती म्हणाली, "वाचून राह्यली मी."